वहीतलं 'बा'चं पान

मला शब्द गोळा करायची खोड आहे. कुणी जुनी नाणी जमवतं, माझी नणंद साबणाची वेष्टनं जमवायची, मी शब्द जमवते. कळंबच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून दुसरं काही जमवण्यासारखं हाताला लागलंही नाही. एका जाड वहीत एकेका शब्दाला एकेक पान दिलेलं आहे. कुठं काही नवीन ऐकलं की घरी येऊन चपला काढायच्या आधी मी ते उतरवून काढते. आमचे हे म्हणतात, घराला आग लागली तर ही आधी वही बाहेर काढील, मग मला.

त्या वहीतलं सगळ्यात भरलेलं पान 'बा'चं.

आपल्याकडं बा म्हणजे बाप. आता वर्गात सांगितलं तर पोरं फिदीफिदी हसतात, कारण ढोकीच्या कारखान्यावर ऊस घालणारा बापही आता पप्पा झालाय. पण माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतली निम्मी पोरं बापाला बा म्हणायची. दुसरा बा वाक्याच्या शेपटाला असतो. 'मला न्हाय बा ठावं', 'चल बा, उशीर झाला.' त्याला अर्थ विचाराल तर काहीच नाही, पण तो काढून टाकला की बोलणाऱ्याचा जीव त्यातून निघून जातो.

तिसरा बा मला परीक्षेच्या ड्युटीवर मिळाला. आमच्याबरोबर उर्दू शाळेतले एक सर असायचे, पांढरी दाढी, खिशात कायम बडीशेप. ते म्हणाले, "बाई, फारसीत बा म्हणजे सहित आणि बे म्हणजे विना. बाइज्जत, बेइज्जत. एवढाच फरक असतो." आमचा मुलूख निजामाचा, त्यामुळं 'बाकायदा' हा शब्द इथली अडाणी म्हातारीही वापरते. पण त्यातला बा सुटा काढून कुणी माझ्या हातात ठेवला नव्हता. मी त्या दिवशी पेपर तपासायचे सोडून पान भरत बसले होते.

चौथा बा आमच्या गल्लीच्या टोकाला राहतो, म्हणजे राहते. तिथं एक गुजराती किराणा दुकान आहे आणि त्या घरातल्या म्हातारीला सगळं कळंब 'बा' म्हणतं. गुजरातीत बा म्हणजे आई. साठ वर्षांपूर्वी ती नवरी होऊन इथं आली आणि आजतागायत तिनं मराठीचा एक शब्द धड उच्चारलेला नाही. गिऱ्हाइकाला गुजरातीत झापते, एसटी स्टँडवरच्या हमालांना गुजरातीत झापते, आणि सगळे मान डोलावतात. तिच्यावर कुणी हसत नाही. हसायची कुणाची छाती पण नाही.

पाचवा पुण्याहून फोनवर आला. माझ्या मुलाला कंपनीनं चिनी शिकायला घातलं होतं. तो म्हणाला, "आई, तुझ्या वहीला खाऊ. चिनीत बा म्हणजे आठ. सूर चढवला की उपटणं, वाकवला की धरणं, आणि खाली टाकला की बाप." हिमालयापलीकडं जाऊन बापच निघाला म्हणून मी किती हसले होते. सासूबाई देवघरातून विचारत होत्या की काय झालं.

एवढं सगळं मी हौसेनं लिहिलं. एक ओळ मात्र लिहिली नाही, आणि ती लिहायला मला कुणाला विचारायची गरजही नव्हती. कानडीत बा म्हणजे 'ये'. हे मला वहीच्याही आधीपासून, बोलायला लागायच्याही आधीपासून माहीत होतं, कारण माझी आई कानडी होती.

आमचं गाव उमरगा तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. आई हद्दीपलीकडच्या आळंदची. वडील एसटीत कंडक्टर, त्यांना दोन्ही भाषा येत. 'पुढं सरका' ते एका दमात दोन्हींत म्हणायचे. आमच्यासारख्या लिंगायत घरांत तिकडं एक न सांगितलेला कायदा होता, उंबऱ्याच्या आत कानडी आणि बाहेर मराठी. माणसं उंबरा ओलांडताना चपला बदलावी तशी भाषा बदलत, आणि त्यात कुणाला काही जड जात नसे. मी आईला 'अव्वा' म्हणायचे. सात वर्षांची होईपर्यंत माझं रडणं, हट्ट, स्वप्नं, सगळं कानडीत होतं, असं वडील सांगायचे. मला आता ते आठवत नाही.

दुसरीत असताना मी एकदा डबा विसरले. मधल्या सुट्टीत आई तो घेऊन शाळेच्या फाटकाशी आली. उंबरा मागं राहिला होता, म्हणजे इथं मराठीच बोलायची. पण घाईत ती तो कायदा विसरली. लांबूनच हात करून तिनं मला हाक मारली, "बा! इल्ली बा!" म्हणजे ये, इकडं ये. पोरांना आयतंच सापडलं. "हिची आई हिला बा म्हणती, ही आईचा बाप हाय!" मग पुढचे पंधरा दिवस मी वर्गात शिरले की कुणीतरी खालच्या आवाजात "बा आला, बा आला" म्हणायचं. पोरांची चेष्टा ती, दुसरं पोर असतं तर चार दिवसांत विसरलं असतं. माझ्या नाकाला मिरची झोंबली ती झोंबलीच.

त्याच दिवशी घरी येऊन मी दप्तर फेकलं आणि सांगितलं की ह्या घरात कुणी कानडी बोललं तर मी जेवणार नाही. आईला ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं. तिनं मला जवळ ओढलं आणि कानडीतच काहीतरी लाडाचं बोलली. मी ताट उलटं केलं. रात्री जेवले नाही, सकाळी दूध घेतलं नाही, दुपारी भाकरी पुढं आली ती तशीच राहिली. सात वर्षांची पोर आणि इतकी हट्टी, मला आज माझ्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. वडील संध्याकाळी ड्युटीवरून आले आणि त्यांनीही माझीच बाजू घेतली. म्हणाले, "पोरगी शिकायलीय. पुढं तिला मराठीतच बोलायचंय. तू बी मराठीच बोल की." त्यांना आपल्या मुलीनं मास्तरीण व्हावं असं वाटायचं. ती मी झालेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई माझ्यासमोर बसली. आमच्यात गळ्यात लिंग असतं, चांदीच्या छोट्या डबीत. तळहातावर घेऊन त्याची पूजा केल्याशिवाय ती कधी पाण्याचा घोटही घ्यायची नाही. तिनं ती डबी मुठीत धरली आणि तिच्या तुटक्या मराठीत म्हणाली, "तू जेव. म्या न्हाय बोलत. लिंगाची आन." मग तिनं मला भरवलं. लिंगावर हात ठेवून घेतलेली शपथ म्हणजे काय, हे तेव्हा मला कळत नव्हतं. पुढं कळायला लागलं तेव्हा मला तिचा अभिमान वाटला, की माझ्यासाठी आईनं केवढं केलं. आपण तिला काय करायला लावलं, हा विचार डोक्याला शिवलाही नाही.

तिनं ती शपथ पाळली. मामा यायचा आणि कानडीत बोलायचा, मी खोलीत असले तर ती मराठीत उत्तर द्यायची. मामा हसायचा, म्हणायचा, "आमची भैन मराठी झाली बा." माहेरच्या लग्नांत ती बायकांच्या घोळक्यात गप्प बसून राहायची, कारण मी तिच्या पदराला धरून असायचे. हळूहळू तिकडं तिला कुणी फारसं बोलवेना. घरात ती मराठी बोलायची, पण ती कामापुरती. भाकरी झाली, पाणी आलं, चिमणी पूस. आमच्या गावात 'तिची आई लई गरीब सोभावाची' असं सगळे म्हणायचे. ती गरीब नव्हती. मला आठवतंय तशी ती खूप बोलणारी बाई होती, मोठ्यानं हसणारी, शेजारणीच्या अंगणात तिन्हीसांजा होईपर्यंत गप्पा मारणारी.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. माझ्या मुलाच्या वेळी ती बाळंतपणाला कळंबला आली होती. बाळाला मांडीवर घेऊन ती थोपटायची आणि नुसतं हूं हूं करायची, शब्द नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या आईला पाळणा म्हणता येत न्हाय का?" मी हसून म्हटलं, "तिला गाणी येत नाहीत." तिला येत असणार. मला सात वर्षं तिनं हूं हूं करून झोपवलं नसणार. मराठीतला पाळणा तिला कुणी शिकवला नव्हता आणि कानडीतला म्हणायचा नव्हता, म्हणून माझं पोर बिनशब्दांच्या आवाजावर झोपलं. हे मला तेव्हा समजत होतं आणि तरी मी हसले.

वडील गेल्यावर मी तिला कळंबला आणलं. एकुलती एक मुलगी मी, दुसरं कुणी नव्हतं. पहिली दोन वर्षं ती धान्य निवडायची, शेंगाचटणी कुटायची, पापुद्र्यासारखी कडक भाकरी करायची. मग ती शब्द विसरायला लागली. एकदा ताटावर बसून तिनं "उप्पु" मागितलं, म्हणजे मीठ, आणि लगेच हात तोंडावर ठेवला. मी म्हटलं, "मीठ म्हण आई." इतक्या वर्षांची मास्तरीण, चूक दिसली की दुरुस्त करायची सवय. मग सूप, विळी, दार, एकेका वस्तूचं मराठी नाव तिच्याकडून गळत गेलं आणि त्याच्या जागी ती गप्प बसायला लागली. सहा महिन्यांत तिचं बोलणं जवळजवळ थांबलं. मला वाटलं वाचाच जातेय.

लातूरला एका डॉक्टरांकडं नेलं. तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी कागद पुढं ओढला आणि विचारलं, "आजींची घरची भाषा कुठली?"

मी म्हटलं, "मराठी."

"लहानपणापासून?"

"हो, मराठीच."

आमचे हे शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग भिंतीवरच्या तक्त्याकडं पाहिलं. मी खोटं का बोलले? डॉक्टर माझ्यावर हसणार होते थोडेच. पण ते वाक्य इतक्या वर्षांत मी इतक्या ठिकाणी म्हटलं होतं, कॉलेजात, नोकरीच्या मुलाखतीत, सासरी, की ते जिभेवरून आपोआप उतरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी पोरांना ज्यासाठी रागावते, तेच.

डॉक्टरांनी आईला मराठीत विचारलं, आज वार कुठला, ही वस्तू काय, हे तीन शब्द ध्यानात ठेवा आणि मला परत सांगा. आई खाली बघत बसून राहिली. एकाचंही उत्तर तिनं दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, आजार बराच पुढं गेलाय. गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी ती दिवसदिवस झोपून राहायची, जागी असली तरी तोंडातून लाळ गळायची, आणि पदर सावरायचंही भान नसायचं. असं जवळजवळ वर्ष गेलं. ते वर्ष मी तिच्याकडून काढून घेतलं, दुसऱ्या कुणी नाही.

उर्दू शाळेतले सर एकदा तब्येतीची चौकशी करायला आले. चहा झाला, ते आईच्या खाटेशी जाऊन बसले. ती झोपेत होती आणि ओठ हलत होते. सरांनी कान दिला. म्हणाले, "बाई, ह्या तर कानडी बोलतायत. यांची मादरी जबान कानडी हाय काय?"

मी चहाचे कप गोळा करायला लागले.

"आमची दादी हैदराबादकडची. शेवटाला उर्दू विसरली, निस्ती तेलुगु बोलायची. माणूस परत तिथंच जातंय, जिथनं बोलायला लागलं." त्यांनी खिशातली बडीशेप काढली, माझ्या हातावर ठेवली, आणि जाताना म्हणाले, "तुमी त्यांच्याशी कानडीत बोला की. जरा बरं वाटंल त्यास्नी."

मला कानडी येत नव्हतं, हे मी त्यांना कसं सांगणार? माझ्याकडं दहातले दोन शब्द उरले होते. मी परत लातूरला गेले आणि डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले की गोळ्या कमी करू, आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं कुणीतरी घरात आणा.

तसं माणूस कळंबात शोधायला महिना गेला. शेवटी आमच्या उमरग्याकडच्या मुरूमची एक बाई मिळाली, माझ्याच वयाची, मुलाच्या नोकरीमुळं इकडं आलेली. आम्ही तिला अक्का म्हणायला लागलो. ती सकाळी नऊला यायची आणि पाचला जायची. पहिल्या दिवशी ती दारात उभी राहिली आणि तिनं कानडीत काहीतरी विचारलं, बहुतेक आत येऊ का असं. आई खाटेवर उठून बसली. वर्षभर जी बाई आधाराशिवाय बसली नव्हती ती. हात पुढं करून म्हणाली, "बा."

मी स्वयंपाकघरात होते. सत्तेचाळीस वर्षांनी तो शब्द आईच्या तोंडून ऐकला. मी कणीक तशीच टाकून आत गेले. मला वाटलं, आता बोलेल. मी दिसले आणि तिचं तोंड मिटलं. माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "जेवलीस का?"

मराठीतलं हे एवढंच वाक्य तिच्याकडं शिल्लक होतं. दिवसातून दहा वेळा मी आत जायचे, दहा वेळा ती तेच विचारायची आणि मी 'हो' म्हणेपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत राहायची. मी म्हणायचे, "हो गं बाई, जेवले, किती वेळा सांगू." कधी वैतागून म्हणायचे, कधी हसून.

अक्का आल्यापासून आई सुधारली असं सगळे म्हणू लागले, आणि ते खरंही होतं. सकाळी ती तळहातावर लिंग घेऊन पूजा करायला लागली. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या खोलीतून बोलण्याचा आवाज यायचा, मधूनच आई मोठ्यानं हसायची. ते हसणं मला ओळखीचं वाटायचं. मी बाहेर भाजी निवडत बसायचे आणि कान तिकडं. 'साली' कळायचं, म्हणजे शाळा. 'मगळु' कळायचं, म्हणजे मुलगी. मला वाटायचं माझ्याच लहानपणाच्या गोष्टी सांगतेय. पण मी आत पाऊल टाकलं की गप्प. अक्काचा हात दाबायची, म्हणजे तीही गप्प.

एकच गोष्ट मला हवी होती. तिनं जायच्या आधी माझ्याशी एकदा बोलावं. मला कळलं नाही तरी चालेल, पण माझ्याकडं बघून, तिच्या भाषेत. शेवटी मी अक्काला ओट्यापाशी गाठलं आणि विचारलं, "मी आले की ती गप्प का होते? तुला काय सांगते?"

"काय न्हाय वो ताई. म्हातारं मानूस. काय बी बोलतंय."

"सांग."

ती पदराला हात पुसत राहिली. "राग नगा मानू. ती म्हंती, पोरगी साळंतनं आली, आता गप. तिच्याम्होरं कानडी बोललं तर ती जेवत न्हाय. दोन दोन दिस उपाशी ऱ्हाती. लई हट्टी हाय म्हंती, पर गुणाची हाय. तिला कळू देऊ नगं म्हंती, म्या तुझ्यासंगट बोलले म्हून."

त्या दिवशी मी खरोखरच जेवले नाही.  मी मोरीत तोंडात पदर कोंबून रडले, कारण ती विचारणार हे मला माहीत होतं, आणि तिनं विचारलंच, आणि मी खोटं सांगितलं की जेवले.

मग तिनं माझ्यासमोर बोलावं म्हणून मी हात धुवून मागं लागले. अक्काकडून वाक्यं पाठ केली. ताट घेऊन आईसमोर बसले, तिला दिसेल असा एकेक घास खाल्ला आणि म्हटलं, "नी माताडु, अव्वा." तू बोल. पन्नाशी उलटलेली बाई, पाठांतर म्हणून दाखवणाऱ्या पोरासारखी. तिनं घाबरून दाराकडं पाहिलं. मग माझ्या ताटाकडं पाहिलं आणि माझ्या हातावर हात ठेवला, खा म्हणून. बोलली नाही. मी रोज बसत होते, महिनाभर. तिनं रोज तेच केलं.

मला वाटलं, शपथ लिंगाची आहे तर ती सोडवावी पण तशीच लागेल. आमच्या घराण्याचे स्वामी आता खूप म्हातारे, पण आता त्यांचं काम बघणाऱ्या धाकट्या स्वामींना, त्यांच्या मुलाला, मी गावाकडून बोलावून घेतलं. त्यांचे पाय धुतले, पाट मांडला, सगळं सांगितलं. लपवायचं काही उरलंच नव्हतं. ते आईजवळ बसले, तिच्या कपाळाला विभूती लावली आणि कानडीत सावकाश सांगितलं की ती शपथ आता फिटली, तू मोकळी. आईनं ऐकलं. त्यांच्या पायाला हात लावला. त्यांच्याशी बोललीसुद्धा, चांगली दहा मिनिटं, त्यांच्या घरातल्या कुणाकुणाची नावं घेऊन. मी दाराआडून ऐकत होते. स्वामींनी मला खुणेनं आत बोलावलं. मी आत गेले.

"जेवलीस का?"

स्वामी उठले. निघताना म्हणाले, "म्या सोडवलं वो. पर त्यांनीच न्हाय सोडलं, तर म्या काय करू."

ह्या उन्हाळ्यात तिनं अन्न सोडलं. पाणी चमच्यानं. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा. अक्का पाचला जायची ती आता आठला जायला लागली, सांगावं लागलं नाही. मी शाळेतून रजा घेऊन तिच्या उशाशी बसले होते. दोन दिवस आई डोळे उघडायची, मला बघायची, ओठ हलवायची आणि मिटून घ्यायची. विचारायची ताकद आता नव्हती, नुसती माझ्या तोंडाकडं बघायची. मी मान हलवायचे, जेवले म्हणून.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का माझ्याजवळ येऊन उभी राहिली. हळू म्हणाली, "ताई, एक बोलू का? तुमी जरा भाईर बसा."

"का?"

"तुमी हाव तवर ती बोलनार न्हाय. तिला बोलायचंय वो. कवापासनं बघतीया. आता येळ न्हाय."

मी आईकडं पाहिलं. तिचे डोळे माझ्यावरच होते. मला वाटत होतं ओरडून सांगावं, की मी तुझी मुलगी आहे, मी इथनं हलणार नाही. शेवटच्या क्षणी उशाशी पोटचं माणूस असावं म्हणून लोक कुठून कुठून धावत येतात, आणि मी उठून जाऊ?  अक्का दाराशी उभी होती. मी आईच्या कपाळावर हात ठेवला, उठले आणि बाहेर आले. दार अक्कानं लोटून घेतलं.

मी पायरीवर बसले. समोर रस्त्यावर कुणाचा तरी ट्रॅक्टर बंद पडला होता आणि दोघं तो ढकलत होते. थोड्या वेळानं आतून आईचा आवाज आला. आधी बारीक, अडखळत, मग जरा सलग. अक्का मधेमधे हुंकार देत होती. एखादा ओळखीचा शब्द कानावर पडायचा आणि तो धरायच्या आत पुढचे दहा निघून जायचे. ती बोलत राहिली. इतकं ती माझ्याशी सत्तेचाळीस वर्षांत बोलली नव्हती. आमचे हे बाहेर आले आणि विचारायला लागले की तू इथं काय करतेस, आत जा. मी त्यांना हातानं थांबवलं. दाराला नुसती कडी होती, ती पण लावलेली नव्हती. मी आत गेले असते तर ती गप्प झाली असती.

आवाज थांबला. तरी मी उठले नाही. मला वाटलं, ती दम खायला थांबली असेल.